नोकरी लांबली तरी काम थांबू नये : कृषी पदवीधरांसाठी काही सूत्रे

कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या उमेदवाराला नकार पचवणे जड जाते. परंतु कोणतेच उत्तर न येणे त्याहून जड जाते. अर्ज केलेला असतो, परीक्षा दिलेली असते, मुलाखतीच्या शेवटी ‘कळवतो’ असे सांगितलेले असते, आणि त्यानंतर आठवड्यांमागून आठवडे उलटले तरी काहीच हालचाल होत नाही. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चार कृषी विद्यापीठे व त्यांच्याशी संलग्न महाविद्यालये यांतून दरवर्षी हजारो पदवीधर बाहेर पडत असल्याने ही अवस्था आता कोणा एकट्यादुकट्याची राहिलेली नाही. या काळात उमेद टिकवण्याचे मार्ग प्रस्तुत लेखात एका सूत्राभोवती मांडले आहेत : नोकरी लांबली तरी काम थांबू नये. येथे ‘नोकरी’ म्हणजे नियुक्तिपत्र, पद आणि वेतन. ‘काम’ म्हणजे ज्या विद्येसाठी चार वर्षे खर्च केली, त्या विद्येचा शिवारात होणारा नित्य वापर. नोकरी देणे दुसऱ्याच्या हाती असते, काम चालू ठेवणे उमेदवाराच्या हाती असते, आणि उमेद टिकते ती जे आपल्या हाती आहे त्याच्याच बळावर.

उत्तर उशिरा का येते

विलंब प्रक्रियेचा असतो आणि उमेदवार तो आपल्या लायकीचा निकाल समजतो, येथूनच खच्चीकरणाला सुरुवात होते. म्हणून जेथे अर्ज केला तेथील निवड कशी चालते, हे समजून घेणे ही पहिली पायरी होय. महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होणाऱ्या कृषी सेवेच्या भरतीत संबंधित विभागाला आधी रिक्त पदांचे मागणीपत्र, म्हणजे किती पदे कोणत्या प्रवर्गातून भरायची याचा अधिकृत तपशील, आयोगाकडे पाठवावे लागते. त्यानंतर जाहिरात, पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत, शिफारस, कागदपत्रांची पडताळणी आणि नियुक्ती असे टप्पे येतात, आणि यांपैकी एखादा टप्पा न्यायालयीन वादात किंवा प्रशासकीय कारणाने अडकला, तर पुढचे सर्व टप्पे त्याच्यामागे खोळंबतात. बँकांमधील ‘कृषी क्षेत्र अधिकारी’ या पदाची परीक्षा आयबीपीएस ही संस्था घेते. तिचे वार्षिक वेळापत्रक आधी जाहीर होत असले, तरी पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत हे तीन टप्पे तेथेही ओलांडावे लागतात, आणि वयाची अट 20 ते 30 वर्षांची (राखीव प्रवर्गांना नियमानुसार सवलत) असल्याने तेथील प्रयत्नांचे नियोजन लवकर करावे लागते.

खासगी क्षेत्राचा वेग हंगामाशी बांधलेला असतो. बियाणे, खते आणि कीडनाशके यांच्या कंपन्यांना क्षेत्रीय कर्मचाऱ्यांची सर्वाधिक गरज खरिपाच्या तोंडावर भासते, कारण पहिला पाऊस पडण्यापूर्वी माल विक्रेत्यांकडे पोहोचवणे आणि गावोगाव शेतकरी सभा घेणे ही कामे उरकायची असतात. साखर कारखान्यांच्या शेतकी विभागातील धावपळ ऊस नोंदणी आणि गळीत हंगाम यांनुसार वाढते, तर नाशिक पट्ट्यातील निर्यातक्षम द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात माणसे अपुरी पडतात. ऐन हंगामात ज्या अधिकाऱ्याला अर्ज वाचायला सवड नसते, तोच अधिकारी हंगामापूर्वी दोन महिने शांतपणे बोलू शकतो. म्हणून आपल्या जिल्ह्यातील पिके, कारखाने, बाजारपेठा आणि परीक्षा यांच्या तारखा एकाच कॅलेंडरवर मांडून कोणत्या महिन्यात कोठे विचारणा करायची हे ठरवले, तर निरुत्तर गेलेल्या अर्जांपैकी काहींचा अर्थ वेळ चुकल्याचा होता, हे ध्यानात येते.

रिकाम्या दिवसांचा मनावर होणारा परिणाम

काम नसलेल्या माणसाच्या मनाचे काय होते, याचा एक अभिजात अभ्यास ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावात झाला. जागतिक मंदीच्या काळात तेथील कापडगिरणी बंद पडून जवळजवळ सारे गाव बेकार झाले, तेव्हा मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या संशोधकांनी तेथील जीवनाच्या बारीकसारीक नोंदी घेतल्या आणि त्या 1933 मध्ये प्रसिद्ध केल्या. मोकळा वेळ वाढल्यावर वाचन वाढेल अशी स्वाभाविक अपेक्षा असते. प्रत्यक्षात गावाच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली. पुरुषांची चाल मंदावली, ते रस्त्यात वारंवार थबकू लागले, आणि दिवसभरात काय केले याचा हिशेब त्यांना नीट देता येईना. याहोडा यांनी पुढे या निरीक्षणांतून असे प्रतिपादन केले की, वेतनाखेरीज नोकरी माणसाला पाच गोष्टी नकळत पुरवते : दिवसाची आखणी, कुटुंबाबाहेरील माणसांशी संपर्क, समूहाच्या उद्दिष्टात वाटा, समाजातील स्थान आणि नियमित कृती. नोकरी नसली की पैशाबरोबर या पाचही गोष्टी आटतात, आणि त्यामुळे येणारी मरगळ हा स्वभावाचा दोष नसून परिस्थितीचा परिणाम असतो.

कृषी पदवीधराच्या बाबतीत ही घसरण विशेष तीव्र असते. पदवीच्या अंतिम वर्षात ग्रामीण कृषी कार्यानुभवाच्या निमित्ताने तो गावात ‘कृषिदूत’ म्हणून, ती ‘कृषिकन्या’ म्हणून वावरलेली असते. बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक, माती नमुना घेण्याची पद्धत, शेतकऱ्यांच्या भेटी यांत पाचही गोष्टी भरभरून मिळालेल्या असतात. शेवटच्या सत्राचा निकाल लागतो आणि त्या सर्व एकाच वेळी हातातून निसटतात. तेव्हा उमेद टिकवण्याचा प्रश्न ‘मन खंबीर कर’ एवढ्या उपदेशाने सुटत नाही. निसटलेल्या पाच गोष्टी नोकरीवाचूनही कशा मिळवता येतील, असा तो व्यवहाराचा प्रश्न आहे.

दिवसाला कणा देणे

नोकरी शोधणे हे दिवसभर पुरणारे काम नाही, आणि ते दिवसभर करण्याचा प्रयत्न केला की मोबाइलवर जाहिराती चाळण्यात संध्याकाळ होते. दिवसाचे तीन भाग पाडणे अधिक उपयुक्त ठरते : सकाळचे तीन-चार तास अभ्यासाला, दुपारचा एक तास अर्ज व पाठपुराव्याला, आणि उरलेला वेळ शेत, घर व अर्थार्जनाच्या कामाला. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी ‘जर-तर’ स्वरूपाच्या निश्चयाची उपयुक्तता दाखवून दिली आहे. ‘रोज अभ्यास करीन’ असा मोघम संकल्प करण्याऐवजी कृतीला ठरावीक प्रसंगाशी जोडले, तर ती घडण्याची शक्यता वाढते, असे या विचाराचे सार आहे. ‘सकाळी डेअरीवर दूध घालून आलो की मृदाशास्त्राचे एक प्रकरण’, ‘सोमवारी दुपारचे जेवण झाले की मागील आठवड्यातील अर्जांची चौकशी’ अशी बांधणी केल्यास रोज नव्याने इच्छाशक्ती गोळा करावी लागत नाही.

अर्जांसाठी एक पाठपुरावा वही असावी. तीत अर्जाची तारीख, पद, संपर्क झालेल्या व्यक्तीचा हुद्दा, पुढील विचारणेचा दिवस आणि मिळालेले उत्तर असे पाच रकाने पुरेसे होतात. या वहीचा एक उपयोग उघड आहे, तर दुसरा मनाच्या दृष्टीने मोलाचा आहे : ‘इतके केले तरी काही झाले नाही’ ही धूसर भावना वहीत पाहिल्यावर ‘अकरा अर्ज केले, चार ठिकाणी पुन्हा विचारले, दोन ठिकाणी मुलाखत झाली’ अशी मोजता येणारी बनते. जे मोजता येते ते सुधारताही येते. मुलाखतीपर्यंत मजल जात असेल आणि पुढे अडत असेल तर तयारी मुलाखतीची हवी. मुलाखतीचे बोलावणेच येत नसेल तर दोष अर्जात किंवा पदाच्या निवडीत शोधायला हवा.

शिवाराशी नाते

स्पर्धा परीक्षेसाठी शहरातील अभ्यासिकेत बसलेला उमेदवार हळूहळू शेतापासून तुटतो, आणि ज्या जाणकारीमुळे त्याची निवड व्हायची, तीच जाणकारी बोथट होते. यावरचा उपाय म्हणजे स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या एका शेताची हंगामभर, आठवड्यातून एकदा, शास्त्रीय पद्धतीने पाहणी करणे. उदाहरणादाखल विदर्भ-मराठवाड्यातील कपाशीचे शेत घेता येईल. पेरणीनंतर साधारण 45 दिवसांनी शेतात कामगंध सापळे लावले जातात. मादी पतंगाच्या गंधासारखा गंध असलेल्या वडीकडे गुलाबी बोंडअळीचे नर पतंग ओढले जाऊन त्यांत अडकतात, आणि रोज किती पतंग सापडले यावरून प्रादुर्भावाची चाहूल लागते. फुले लागल्यावर पाहणी करणारा झाडांच्या ओळींतून नागमोडी चालत जातो आणि डोमकळ्या शोधतो. डोमकळी म्हणजे पाकळ्या न उमलता पिळवटून गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले फूल. ते उलगडून पाहिल्यास आत अळी आढळते. बोंडे धरल्यावर शेताच्या वेगवेगळ्या भागांतून 20 हिरवी बोंडे तोडून ती फोडून पाहिली जातात, कारण बाहेरून निरोगी दिसणाऱ्या बोंडाच्या आत अळीने सरकी पोखरलेली असू शकते. ही सारी आकडेवारी तारखेसह वहीत उतरते.

राज्यात 2009 पासून चाललेल्या कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्पात, म्हणजेच क्रॉपसॅपमध्ये, याच धर्तीची निरीक्षणे घेऊन शेतकऱ्यांना सल्ला दिला जातो. तेव्हा अशी पाहणी करणारा उमेदवार वेळ घालवत नसतो, तर नेमणुकीनंतर जे करायचे त्याचाच सराव करत असतो. बांधावरून जाणारा शेतकरी थांबून ‘काय सापडलं?’ असे विचारतो, त्याला नेमके उत्तर मिळते, पुढच्या आठवड्यात तो स्वतःच्या शेतातील पान घेऊन येतो. आणि याहोडा यांनी सांगितलेल्या पाच गोष्टींपैकी संपर्क, उद्दिष्ट आणि समाजातील स्थान या तिन्ही गोष्टी एका फेरीत परत मिळू लागतात. जेथे कपाशी नाही तेथे द्राक्षबाग, भातखाचर, तुरीचे शेत किंवा काजूची बाग हेच काम करू शकते.

निर्णयाची पातळी आधी ठरवणे

कीडशास्त्रात ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ ही संकल्पना आहे. पहिला पतंग दिसताच फवारणी करायची नसते, आणि पीक हातचे जाईपर्यंत थांबायचेही नसते. ज्या टप्प्यावर उपाय न केल्यास होणारे नुकसान उपायाच्या खर्चापेक्षा जास्त होईल, तो टप्पा आधीच ठरलेला असतो. गुलाबी बोंडअळीसाठी एका सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी 8 पतंग, किंवा फुलांत वा हिरव्या बोंडांत 10 टक्के प्रादुर्भाव, म्हणजे फोडलेल्या 20 बोंडांपैकी 2 बोंडे किडलेली, ही पातळी मानली जाते. या शिस्तीमुळे शेतकरी घाईतून आणि चालढकलीतून, दोन्हींतून वाचतो.

नोकरीच्या शोधालाही अशी पातळी लावता येते, आणि ती मन शांत असताना, शक्यतो घरच्यांसमक्ष, लिहून ठेवावी. एका नकारानंतर क्षेत्र बदलणे ही पहिल्या पतंगाला घाबरून केलेली फवारणी होय. तर लोकसेवा आयोगाच्या परीक्षांसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा सर्वसाधारणपणे 38 वर्षे असल्याने ‘अजून पुष्कळ वर्षे आहेत’ असे म्हणत तिशी ओलांडणे हे पीक जाईपर्यंत थांबणे होय. पूर्णवेळ तयारीचे किती प्रयत्न करायचे, कितव्या प्रयत्नानंतर अर्धवेळ काम धरायचे, पूर्व परीक्षेतील गुण सलग किती वेळा ठरलेल्या अंतराने कमी पडले तर मार्ग बदलायचा, हे आकड्यांत ठरलेले असले की प्रत्येक निकालानंतर सारे आयुष्य नव्याने तोलावे लागत नाही. पातळी गाठण्यापूर्वी निश्चिंतपणे प्रयत्न करता येतात, आणि ती गाठल्यावर मार्ग बदलला तर ती हार ठरत नाही. ती पूर्वनियोजित कृती असते.

दूरच्या ओळखींचे बळ

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये ‘सैल धाग्यांचे बळ’ हा विचार मांडला. जवळचे मित्र बहुधा एकाच वर्तुळात फिरत असल्याने त्यांच्याकडे तीच माहिती असते, जी उमेदवाराकडे आधीच असते. नवी माहिती येते ती क्वचित भेटणाऱ्या, दुसऱ्या वर्तुळातील परिचितांकडून. कृषी क्षेत्रात असे परिचित जागोजागी असतात. तालुक्याच्या गावातील कृषी सेवा केंद्राच्या चालकाकडे अनेक कंपन्यांचे प्रतिनिधी येत असल्याने कोणत्या भागात कोणाची बदली झाली आणि कोठे जागा रिकामी आहे, हे त्याला जाहिरातीपूर्वीच ठाऊक असते. कृषी विज्ञान केंद्रातील विषय विशेषज्ञ, महाविद्यालयातील दोन-चार वर्षे पुढचे विद्यार्थी, ठिबक संचाचे वितरक, बाजार समितीतील अडते यांच्याशीही अधूनमधून बोलणे व्हावे. अशा भेटीत थेट नोकरी मागण्यापेक्षा ‘या भागात सध्या कोणत्या कामासाठी माणसे कमी पडतात?’ असे विचारल्यास समोरची व्यक्ती मोकळेपणाने बोलते आणि पुढे आठवणही ठेवते.

मधल्या काळातील कामे

अल्पमुदतीचे काम धरले तर मुख्य ध्येय सुटेल, ही भीती बहुतांशी निराधार आहे. महाराष्ट्रात भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अनेक संस्था आहेत : नागपूर येथे कापूस, लिंबूवर्गीय फळे आणि मृदा सर्वेक्षण यांच्या, पुण्याजवळ मांजरी येथे द्राक्षांची, राजगुरुनगर येथे कांदा-लसणाची, सोलापूर येथे डाळिंबाची, तर बारामतीजवळ माळेगाव येथे अजैविक ताणांवर, म्हणजे अवर्षण, उष्णता, क्षारता यांसारख्या संकटांवर, संशोधन करणारी संस्था आहे. या संस्थांमध्ये आणि कृषी विद्यापीठांत संशोधन प्रकल्पांपुरती ‘यंग प्रोफेशनल’ किंवा संशोधन सहायक यांसारखी कंत्राटी पदे निघतात व त्यांची जाहिरात त्या त्या संकेतस्थळावर येते. शेतकरी उत्पादक कंपन्या, म्हणजे शेतकऱ्यांनीच भागधारक होऊन उभारलेल्या कंपन्या, यांना हिशेब, प्रतवारी, खरेदी आणि सभासदांशी संपर्क ठेवणारी शिकलेली माणसे हवी असतात. ज्या कृषिकन्यांना दुचाकीवरून दूरवर फिरतीची कामे घरच्या विरोधामुळे घेता येत नाहीत, त्यांना माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळा, ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा, पॅकहाउसमधील गुणवत्ता तपासणी ही क्षेत्रे खुली असतात. तथापि फिरतीचे काम हे केवळ पुरुषांचे काम आहे, असे मानून अर्जच न करणे योग्य नव्हे.

नोकरीबरोबरच स्वतंत्र व्यवसायाचा पर्यायही कागदावर मांडून पाहावा. केंद्र शासनाच्या 2002 पासून चालू असलेल्या कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजनेत हैदराबाद येथील ‘मॅनेज’ या संस्थेच्या देखरेखीखाली पदवीधरांना निवासी प्रशिक्षण दिले जाते, आणि पुढे बँक कर्जाशी निगडित अनुदानाची तरतूद आहे. रोपवाटिका, निविष्ठा विक्री, माती परीक्षण, शेती सल्ला असे व्यवसाय त्यात बसतात. मात्र नोकरी मिळत नाही म्हणून नाइलाजाने व्यवसायात उडी घेणे आणि हिशेब मांडून व्यवसाय निवडणे यांत अंतर आहे. कर्ज घेण्यापूर्वी असा व्यवसाय करणाऱ्याकडे एक हंगाम काम करून पाहणे शहाणपणाचे ठरते.

घर, पैसा आणि मन

घरच्यांचा रोष अनेकदा माहिती नसल्यातून येतो. परीक्षेचे टप्पे, अपेक्षित तारखा आणि ठरवलेली निर्णयाची पातळी आई-वडिलांना एकदा बसून समजावून सांगितली, तर ‘कधी लागणार?’ हा रोजचा प्रश्न पुष्कळ अंशी थांबतो. परगावी राहून तयारी करणाऱ्याने खोलीभाडे, मेस आणि शिकवणी यांचा मासिक हिशेब ठेवावा, कारण घरच्या शेतीवर पडणाऱ्या भाराची टोचणी ही अभ्यासातील एकाग्रता पोखरणारी सर्वांत मोठी गोष्ट असते. दिवसाचे दोन-तीन तासांचे अर्थार्जन ही टोचणी बरीच सौम्य करते. नोकरीसाठी अनामत, नोंदणी किंवा गणवेशाच्या नावाखाली पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहावे. शासकीय भरतीत जाहिरातीत नमूद केलेल्या परीक्षा शुल्काखेरीज कोणालाही काही देय नसते, आणि प्रामाणिक खासगी मालक नेमणुकीसाठी पैसे घेत नाही.

निराशा आणि आजार यांतील फरकही ओळखायला हवा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडालेली असणे, जेवणावरची वासना जाणे, कशातच रस न वाटणे किंवा जगणे नकोसे वाटणे ही लक्षणे दिसल्यास ती वहीने किंवा वेळापत्रकाने दूर होत नाहीत. त्यासाठी डॉक्टरांची मदत घ्यावी. ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते. पीक पिवळे पडले तर शेतकऱ्याने पान घेऊन तज्ज्ञाकडे यावे, असे सांगणाऱ्या पदवीधराने स्वतःच्या बाबतीत तोच नियम पाळायला संकोच करू नये.

वहीची साक्ष

कृषी क्षेत्रातील मुलाखतीत, मग ती आयोगाची असो, बँकेची असो वा कंपनीची, एक प्रश्न बहुधा येतोच : पदवीनंतरच्या काळात काय केले? ज्याने हा काळ केवळ वाट पाहण्यात काढला, त्याला हा प्रश्न आरोपासारखा वाटतो. ज्याने एका शेताचे दोन हंगाम आठवड्यागणिक पाहिले, त्याच्याजवळ तारखा, सापळ्यांतील पतंगांची संख्या, फोडलेल्या बोंडांचा हिशेब आणि शेजारच्या शेतकऱ्याला दिलेल्या सल्ल्याचा परिणाम लिहिलेली वही असते, आणि तो ती टेबलावर ठेवू शकतो. निवड त्या दिवशी होईल किंवा होणार नाही. परंतु घरी परतल्यावर पुढच्या आठवड्याची पाहणी ठरलेली असते, शेतकरी बांधावर वाट पाहत असतो, आणि तेवढ्याने दुसऱ्या दिवशी सकाळी उठण्याचे कारण शाबूत राहते.